मार्कंडीपासून नीलोत्रीपर्यंत : काकासाहेब कालेलकरांची भ्रमणगाथा

परदेशप्रवास म्हटला की आपल्या मनात पहिल्याप्रथम पश्चिमेची वाट येते. मराठी प्रवासवर्णनांचा इतिहासही बराचसा त्याच वाटेने गेला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेच्या लोकस्थितीवर पुस्तक लिहिले. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० साली आले, तर पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'ने १९६० साली घरोघर विलायत पोचविली. या साऱ्या लेखकांचे ऋण मोठे आहे. परंतु बोटीचे तिकीट काढण्यापूर्वी ज्याने आपल्या पायांना प्रवासाची शाळा घातली, ज्याचा परदेश हिमालयाच्या खिंडीतून पायी सुरू झाला आणि ज्याने आफ्रिकेतील नदीला घरच्या नदीसारखे नाव दिले, असा एक मराठी माणूस आपल्या वाचनातून जवळजवळ निसटून गेला आहे. आचार्य काकासाहेब कालेलकर हे त्यांचे नाव.

काकासाहेब आपल्याला ठाऊक नाहीत असे नाही. गांधीजींचे सहकारी, गुजरात विद्यापीठाचे आचार्य, हिंदुस्थानीचे प्रचारक, राज्यसभेचे सभासद, पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष अशी त्यांची ओळख सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत सापडते. पण या पदांच्या गर्दीत त्यांच्यातला भटक्या हरवतो. आणि माझ्या मते तोच त्यांचा खरा पिंड होता. त्यांनी बहुतेक लेखन गुजरातीत केले, म्हणून मराठी वाचकाला हा भटक्या भेटला तो उशिरा आणि अर्धामुर्धा. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राकडे या एकाच बाजूने पाहण्याचा विचार आहे.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यास झाला. घराणे मूळचे सावंतवाडीकडील कालेलीचे, पुढे बेळगावजवळच्या बेळगुंदी गावी स्थिरावलेले. वडील सरकारी हिशेबखात्यात नोकरीस असल्यामुळे बदल्या होत, संस्थानांच्या कामासाठीही जावे लागे. दत्तू हा भावंडांतला धाकटा. त्यामुळे बिऱ्हाड हलले की तोही बैलगाडीत चढे. सातारा, कारवार, बेळगाव, शहापूर, धारवाड अशी गावे त्याने शाळेच्या वयातच पाहिली. साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा भेटली. कारवारला पहिल्यांदा समुद्र दिसला. बेळगुंदीला मार्कंडी नावाची एक लहानशी नदी होती. नकाशात शोधून काढावी लागेल एवढीच ती! परंतु पुढे भारतातील नद्यांवर त्यांनी 'लोकमाता' नावाचे पुस्तक लिहिले, तेव्हा गंगा-यमुनांच्या पंक्तीत या मार्कंडीलाही मानाचे पान वाढले आणि तिला सखी म्हटले. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मोठ्या नद्यांना वंदन सगळेच करतात. घराशेजारच्या ओढ्याला विसरत नाही, त्याचेच नदीवरचे प्रेम खरे.

बदलीच्या गावी मुलाला जुने मित्र नसतात. शाळा नवी, भाषा कधी मराठी तर कधी कानडी. अशा मुलाला झाडे, पाखरे, पाऊस आणि चांदण्या यांची सोबत लवकर कळते. काकासाहेबांच्या बालपणीच्या आठवणी 'स्मरणयात्रा' या पुस्तकात आल्या आहेत. त्या वाचताना जाणवते की पुढच्या आयुष्यात त्यांनी जे पाहिले ते पाहण्याचे डोळे त्यांना येथेच मिळाले होते. मात्र डोळे मिळणे निराळे आणि चालण्याची ओढ लागणे निराळे. ती ओढ लागण्यासाठी एक मोठा आघात व्हावा लागला.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९०७ साली ते बी. ए. झाले. तो काळ वंगभंगानंतरचा. तरुणांची मने पेटलेली होती. कालेलकरांनी सरकारी नोकरीचा विचार केला नाही. बेळगावला राष्ट्रीय शाळेत शिकविले, मुंबईस 'राष्ट्रमत' या दैनिकात काम केले. १९०९ च्या डिसेंबरात आपल्या नाशकात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला आणि त्यानंतर सरकारी दडपशाहीचा वरवंटा साऱ्या महाराष्ट्रावरून फिरला. 'राष्ट्रमत' बंद पडले. कालेलकर बडोद्यास गेले. तेथे बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या प्रेरणेने गंगनाथ विद्यालय चालत असे. या शाळेत शिक्षकांना नात्याने हाक मारण्याची पद्धत होती. कालेलकर 'काका' झाले ते येथे. त्यांचे सहकारी विठ्ठल लक्ष्मण फडके 'मामा' झाले आणि जन्मभर मामासाहेब फडके म्हणूनच ओळखले गेले. पण सरकारची वक्रदृष्टी या शाळेवरही पडली आणि तीही बंद करावी लागली.

पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या तरुणाची त्या वेळची स्थिती डोळ्यांसमोर आणून पाहावी. वर्तमानपत्र गेले, शाळा गेली, क्रांतीच्या मार्गावरचे मित्र तुरुंगात गेले. हाती काही उरले नाही. आणि लहानपणापासून मनात घर करून असलेली मोक्षाची ओढ वर उफाळून आली. १९१२ साली त्यांनी हिमालयाची वाट धरली. घरी पत्नी होती, संसार होता. त्यांच्या निघून जाण्याची किंमत त्या घराने दिली असणार हे उघड आहे, आणि काकासाहेबांचे गुणगान करताना ती बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ते सहलीला निघाले नव्हते. परत येण्याचा नेम नसलेला तो प्रवास होता.

त्यांच्या सोबत दोघे होते. एक अनंतबुवा मर्ढेकर आणि दुसरे स्वामी आनंद. स्वामी आनंद जन्माने गुजराती, पण मराठी अगदी घरच्यासारखी बोलणारे आणि 'राष्ट्रमत'मधील सहकारी. पुढे गांधीजींचे 'नवजीवन' सांभाळणारे. आज बद्रीनाथाच्या दारापर्यंत मोटार जाते. त्या काळी मैदान सुटले की पुढे पायांवाचून दुसरे वाहन नसे. यात्रेकरू दिवसभर चालत, संध्याकाळी चट्टीवर उतरत. चट्टी म्हणजे वाटेवरचे पडवीवजा मुक्कामाचे ठिकाण. दुकानदाराकडून शिधा घ्यावा, त्याचीच भांडी घ्यावीत, चूल पेटवावी, कांबळे अंथरून पडावे आणि पहाटे पुन्हा निघावे. काशी, गया, अयोध्या अशी तीर्थे पाहून ही मंडळी अल्मोड्याकडून पहाडात शिरली आणि पुढे जमनोत्री, गंगोत्री, केदार, बद्री अशी उत्तराखंडाची वाट त्यांनी पायी तुडविली.

आता या प्रवासात घडले काय? निघताना मन वैराग्याने भरलेले होते. जग सोडायचे, आत्मसाधना करायची, असा निश्चय होता. पण चालणाऱ्या माणसाला जग सोडता येत नाही, हेच हिमालयाने त्यांना शिकविले असावे. चालताना प्रत्येक वळणावर नवे झाड, नवा झरा, नवा माणूस समोर येतो. देवदाराचा वास, चिडाच्या सुयांवरून घसरणारी पावले, खालून ऐकू येणारी अलकनंदेची गर्जना, ओझे वाहणारे पहाडी लोक आणि लांबलांबच्या प्रांतांतून आलेल्या, एकमेकांची भाषा न समजणाऱ्या आणि तरीही एकाच दिशेने चालणाऱ्या म्हाताऱ्या यात्रेकरू स्त्रिया! या सर्वांकडे पाठ फिरवून डोळे मिटण्यासाठी जो गेला, त्याचे डोळे मात्र पूर्वीपेक्षा अधिक उघडले. मोक्षाच्या शोधात निघालेल्या माणसाला तेथे देश सापडला. पुढे ते पहाडातून खाली उतरले, याचे कारण स्वराज्याची तळमळ मोक्षाच्या इच्छेपेक्षा बलवत्तर ठरली, असेच त्यांचे चरित्र सांगते. त्या तळमळीला पायांनी पाहिलेल्या भूमीचे खतपाणी मिळाले होते.

याच भ्रमंतीत त्यांनी पहिल्यांदा दुसऱ्या राज्याची सरहद्द ओलांडली. तो देश नेपाळ. त्या वेळचे नेपाळ आजच्यासारखे खुले नव्हते. राणा घराण्याचे राज्य होते. बाहेरच्यांना सहसा प्रवेश नसे. मात्र महाशिवरात्रीच्या सुमारास पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी येणाऱ्या यात्रेकरूंना वाट मोकळी होई. नेपाळातील पहिली आगगाडी रक्सौलपासून सुरू झाली ती १९२७ साली. त्याआधी रक्सौलला हिंदुस्थानची गाडी सोडली की वीरगंज, मग तराईचे दाट जंगल, मग भीमफेदी, तेथून चिसापानी गढीचा चढ आणि शेवटी चंद्रागिरीची खिंड, असा सारा रस्ता पायांखालीच घालावा लागे. चंद्रागिरीच्या माथ्यावरून काठमांडूचे खोरे आणि मागे हिमशिखरांची रांग एकदम दृष्टीस पडते. खोऱ्यात उतरल्यावर बाघमतीच्या काठी पशुपतिनाथ. या बाघमतीवरही काकासाहेबांनी पुढे स्वतंत्र लेख लिहिला.

नेपाळच्या या वाटेत एक मर्म आहे. आगगाडीतून किंवा विमानातून उतरणाऱ्याला परदेश एका क्षणात परका भेटतो. पायी जाणाऱ्याला मात्र सरहद्द कोठे लागली हेही कळत नाही. अलीकडच्या शेतात जे पीक तेच पलीकडे, अलीकडे जी बोली तीच थोड्या फरकाने पलीकडे. देश हळूहळू बदलतो, माणूसही त्याबरोबर बदलत जातो. परदेश म्हणजे परका देश नव्हे, ही दृष्टी पुस्तकी विश्वबंधुत्वातून क्वचितच येते. काकासाहेबांना ती टाचांना पडलेल्या भेगांतून मिळाली.

पहाडातून परतल्यावर काकासाहेब रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात शिकवू लागले. तेथे १९१५ साली त्यांची व गांधीजींची भेट झाली आणि आयुष्याला कायमची दिशा मिळाली. ते अहमदाबादच्या सत्याग्रहाश्रमात शिक्षक म्हणून दाखल झाले. गुजराती ही त्यांची मातृभाषा नव्हे. पण ती त्यांनी अशी आत्मसात केली की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' ही पदवी दिली. आणि येथे आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना विशेष वाटावी अशी एक गोष्ट घडली. हिमालयाच्या यात्रेची हकीकत त्यांनी लिहिली ती कोणा मोठ्या प्रकाशकासाठी नव्हे. आश्रमात एक हस्तलिखित मासिक निघत असे, त्यासाठी त्यांनी ती हप्त्याहप्त्याने लिहिली. प्रवास होऊन काही वर्षे लोटली होती, आठवणी मनात मुरल्या होत्या. समोर श्रोते होते ते आश्रमातील मुले आणि सहकारी. पुढे १९२४ साली 'हिमालयनो प्रवास' हे पुस्तक झाले आणि गुजराती साहित्यात प्रवासवर्णनाचा एक मानदंड ठरले. ज्या पुस्तकासाठी एका भाषेने दुसऱ्या भाषेतील माणसाला डोक्यावर घेतले, त्याचा जन्म विद्यार्थ्यांच्या हस्तलिखितात व्हावा, ही गोष्ट कॉलेजच्या वार्षिकात लिहिणाऱ्या कोणालाही धीर देणारी आहे.

पण आश्रमात आल्यावर एक अवघड प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला असला पाहिजे. देश पारतंत्र्यात, लोक अर्धपोटी, प्रत्येक क्षण कामाचा. अशा वेळी डोंगर, नद्या, धबधबे पाहत हिंडणे ही चैन नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर एका प्रसंगात दडले आहे. १९२७ साली गांधीजी म्हैसूर संस्थानात दौऱ्यावर होते. मुक्काम सागर या गावी आला. तेथून गिरसप्प्याचा धबधबा, म्हणजेच जोग, अगदी जवळ. शरावती नदी तेथे सुमारे ८३० फुटांवरून कोसळते. काकासाहेबांनी गांधीजींना तेथे चलण्याचा आग्रह केला. गांधीजींनी नकार दिला. हाती घेतलेले काम सोडून असे सुख घेणे त्यांच्या व्रतात बसत नव्हते. पण काकासाहेबांनी मात्र अवश्य जावे, असे त्यांनी सांगितले. ते शिक्षक आहेत, त्यांनी पाहिलेले विद्यार्थ्यांना मिळेल, हे त्यामागचे कारण! महादेवभाई देसाईही गेले नाहीत. महादेवचा गिरसप्पा मीच आहे, अशा आशयाची थट्टा गांधीजींनी केल्याचे काकासाहेबांनी नमूद केले आहे.

या प्रसंगात दोन थोर वृत्ती समोरासमोर उभ्या आहेत. गांधीजींचा संयम मोठा आहे यात शंका नाही. परंतु काकासाहेबांनी तो निमूटपणे आपल्यावर लादून घेतला नाही. ते गेले, त्यांनी जोग पाहिला आणि त्यावर लिहिलेला लेख आज त्यांच्या उत्तम लेखांत गणला जातो. इंग्रजांनी त्या चार धारांना दिलेली नावे त्यांना रुचली नाहीत. राजा ही पहिली धार तशीच ठेवून बाकीच्या तिघींना त्यांनी रुद्र, वीरभद्र आणि पार्वती म्हटले. निसर्ग पाहणे हे त्यांच्या लेखी शिक्षकाचे कामच होते. जे आपण पाहिले ते ज्यांना पाहता येत नाही त्यांच्यापर्यंत पोचविणे, हे त्या पाहण्याचे देणे. गांधीजींच्या परवानगीतली अट त्यांनी पुढे आयुष्यभर पाळली. जे जे पाहिले, ते लिहिले.

चालणे बंद झाले तेव्हाही पाहणे बंद झाले नाही. १९२३ साली त्यांना वर्षभर साबरमतीच्या तुरुंगात राहावे लागले. चार भिंतींत काय पाहणार? त्यांनी मुंग्या पाहिल्या, कावळे पाहिले, खारी पाहिल्या, भिंतीवर सरकणारे ऊन पाहिले. त्यातून 'ओतराती दीवालो' हे लहानसे पण अतिशय गोड पुस्तक १९२५ साली निघाले. १९३० साली येरवड्यास गांधीजींच्या सहवासात असताना ते रात्री तारे पाहत. गांधीजींना पुढे आकाशदर्शनाची जी गोडी लागली, तिच्या मागे काकासाहेबांचा हात होता. जोग पाहण्यास न गेलेल्या गुरूला शिष्याने तुरुंगात तारे दाखविले, असे म्हणावयास हरकत नाही. बेळगावच्या हिंडलगा तुरुंगानेही त्यांच्याकडून 'हिंडलग्याचा प्रसाद' हे मराठी पुस्तक लिहून घेतले.

त्यांच्या परदेशप्रवासाची दिशा पाहण्यासारखी आहे. त्या काळचा सुशिक्षित हिंदी माणूस विलायतेकडे डोळे लावून बसलेला असे. हे वळले शेजाऱ्यांकडे. नेपाळनंतर ब्रह्मदेश. १९३७ पर्यंत तो इंग्रजी अमलात हिंदुस्थानचाच एक प्रांत गणला जाई. पण समुद्र ओलांडून जाणाऱ्याला तो निराळाच देश होता. तेथील ऐरावती नदी, पॅगोडे, हसतमुख माणसे यांचे वर्णन असलेले 'ब्रह्मदेशनो प्रवास' १९३१ साली प्रसिद्ध झाले. ऐरावतीलाही त्यांनी माताच म्हटले, सुवर्णदेशाची माता. मार्कंडीला सखी म्हणणाऱ्याने परक्या देशातील नदीशीही नाते जोडावे, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते.

त्यांच्या भ्रमंतीचा कळस मला दिसतो तो १९५० सालच्या पूर्व आफ्रिकेच्या प्रवासात. देश स्वतंत्र झाला होता, गांधीजी गेले होते आणि काकासाहेबांचे वय ६५ च्या घरात होते. या वयात माणसे तीर्थयात्रा आटोपती घेतात. ते मात्र बोटीने निघाले, विषुववृत्त ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागले. त्या वेळी नैरोबीस भारताचे कमिशनर होते औंधचे अप्पासाहेब पंत. आफ्रिकेचा तो भाग हिंदी लोकांना अपरिचित नव्हता. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची आगगाडी बांधण्यासाठी सुमारे ३२ हजार हिंदी मजूर नेण्यात आले होते, आणि त्यांच्या मागोमाग गुजराती दुकानदार आतल्या खेड्यांपर्यंत पोचले होते. पण तेथे राहणाऱ्या आपल्या लोकांनी आफ्रिकेचे डोंगर, सरोवरे आणि मुख्य म्हणजे तिची माणसे कितीशी पाहिली होती? दुकानाच्या फळीपलीकडे न पाहणारा माणूस पन्नास वर्षे राहूनही परदेशात पाहुणाच राहतो. काकासाहेब थोडेच दिवस राहिले, पण त्यांनी आफ्रिकेकडे शेजाऱ्याच्या नजरेने पाहिले.

युगांडात जिंजा नावाचे गाव आहे. व्हिक्टोरिया सरोवर क्षेत्रफळाने सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर. त्याच्या उत्तर टोकाशी, जिंजापाशी, सरोवराचे पाणी बाहेर पडते आणि नाईल नदी सुरू होते. तेथून ती वाळवंटे ओलांडीत इजिप्तमार्गे भूमध्य समुद्रास मिळते. १८६२ साली स्पीक नावाचा इंग्रज प्रवासी येथे पोचला. पाणी जेथे खडकांवरून उडी घेत होते त्या धबधब्याला त्याने एका इंग्रज सरदाराच्या नावावरून रिपन हे नाव दिले. काकासाहेबही तेथेच उभे राहिले. पण त्यांना आठवली गंगोत्री, आठवली जमनोत्री. गंगेचा उगम तो गंगोत्री, यमुनेचा तो जमनोत्री, मग नाईलचा उगम तो नीलोत्री! एका शब्दात त्यांनी आफ्रिका आणि हिमालय यांना एका सूत्रात ओवले. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही अंश याच ठिकाणी नाईलमध्ये विसर्जित करण्यात आला होता. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या नावातील भाव अधिक खोल वाटतो. गुरूच्या रक्षेने जी नदी पावन झाली तिला शिष्याने तीर्थाचे नाव दिले.

स्पीकनेही नाव दिले आणि काकासाहेबांनीही. पण दोन नावांत अंतर किती! एकात आपल्या सत्तेची खूण ठोकणे आहे, दुसऱ्यात आपल्या घरी बोलावणे आहे. काकासाहेबांनी दिलेले नाव नकाशावर कधी चढले नाही, आणि ते चढावे अशी त्यांची इच्छाही नसावी. ज्या रिपन धबधब्यावर ते उभे होते, तो पुढे चारच वर्षांत, १९५४ साली पुऱ्या झालेल्या ओवेन धरणाच्या पाण्याखाली गेला. आज जिंजाला जाणाऱ्याला तो दिसत नाही. म्हणजे त्या प्रपाताचे दर्शन घेऊन भारतीय भाषेत लिहिणाऱ्या अगदी थोड्या लोकांपैकी ते एक ठरले. 'पूर्व आफ्रिकामां' हे त्यांचे पुस्तक १९५१ साली प्रसिद्ध झाले.

त्यानंतर ते जपानला गेले आणि 'उगमणो देश' हे जपानवरील पुस्तक १९५८ साली आले. त्याआधी १९५३ साली 'रखडवानो आनंद' प्रसिद्ध झाले होते. मराठीत त्याचा अर्थ भटकण्याचा आनंद. गुजरातीत 'रखडणे' म्हणजे उगाच हिंडणे. कामधंदा नसलेल्याला उद्देशून वापरायचा शब्द. तो त्यांनी मुद्दाम अभिमानाने मिरविला असावा. १९५६ साली 'लोकमाते'चा विस्तार होऊन 'जीवनलीला' झाले. त्यात नद्यांच्या जोडीला सरोवरे, प्रपात, समुद्र आले. मार्कंडीवरचा लेखही त्यात आहे आणि नीलोत्रीवरचाही. बेळगुंदीचा ओढा आणि आफ्रिकेची महानदी एकाच पुस्तकाच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये नांदतात.

या साऱ्या काळात ते केवळ हिंडत होते असे समजू नये. १९५३ साली नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे ते अध्यक्ष होते, आणि १९५५ साली त्या आयोगाने २,३९९ जातींची यादी असलेला अहवाल दिला. १९५२ ते १९६४ ते राज्यसभेत होते. १९६४ साली पद्मविभूषण, त्यानंतर गुजराती ग्रंथासाठी साहित्य अकादमीचे पारितोषिक असे सन्मान त्यांना लाभले. २१ ऑगस्ट १९८१ रोजी दिल्लीस वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चरित्राकडे पाहताना एक खंत वाटल्यावाचून राहत नाही. साताऱ्यात जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या या माणसाचा गद्यातील सर्वांत सुंदर बहर दुसऱ्या भाषेच्या अंगणात फुलला. याचा दोष त्यांना देणे अन्यायाचे होईल. जेथे राहावे तेथल्या भाषेत लिहावे, हे त्यांच्या प्रवासी वृत्तीला साजेसेच होते. त्यांची काही पुस्तके मराठीतही आली आहेत. उणीव असेल तर ती आपल्या वाचनाची. हिमालयाची मराठी पुस्तके आपण शोधून वाचतो, आणि ज्याने मोटाररस्ता होण्यापूर्वीचा हिमालय पायी पाहिला त्याचे नाव फार तर आयोगाच्या संदर्भात पाठ करतो.

नाशिककरांचे तर त्यांच्याशी एक जवळचे नाते आहे. गोदावरीवर त्यांनी लिहिलेला 'दक्षिणगंगा गोदावरी' हा लेख त्यांच्या नदीलेखांत अग्रगण्य मानला जातो. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी, पंचवटीत रामसीतेच्या आठवणी सांगणारी ही नदी लहानपणापासून त्यांच्या मनात होती. पण तिचे खरे विराट रूप त्यांना दिसले ते आंध्रात राजमहेंद्रीला, आगगाडीच्या पुलावरून. आपण रामकुंडावर जी गोदावरी पाहतो, ती सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते आणि वाटेत केवढी होते, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला असेल? ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढून जाणे ही आपल्याकडे अर्ध्या दिवसाची गोष्ट आहे. काकासाहेबांनी नेपाळ, ब्रह्मदेश आणि आफ्रिका पाहण्यापूर्वी बेळगुंदीची मार्कंडी पाहिली होती. त्यांच्या पुस्तकांपैकी एखादे हाती लागले तर आधी तो गोदावरीचा लेख वाचावा, आणि मग जमल्यास पायीच त्र्यंबकच्या वाटेला लागावे.